सकाळी ठीक, दुपारी नाटक

माझ्या आईचा आवाज मोठा होता, हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे ज्यांनी तिला पाहिलं त्यांना ते खरं वाटत नसे. सरोजिनी नगरमध्ये आमचं सरकारी क्वार्टर पहिल्या मजल्यावर होतं. तिथल्या गॅलरीतून ती हाक मारायची तेव्हा मैदानापलीकडच्या रांगेतल्या पंजाबी आंटीसुद्धा आपल्या पोरांना म्हणायच्या, "चलो, मेश्राम मॅडम ने बुला लिया, अब सब घर जाओ." बाजार जवळच. रेडिमेड कपड्यांचे ढीग लावून विकणाऱ्यांचा दिवसभराचा ओरडा घरात यायचा, त्यात कुलरची घरघर, त्यात शेजाऱ्यांनी नुकतीच घेतलेली केबल, आणि ह्या सगळ्याच्या वर आईचा आवाज. रविवारी विहारात त्रिशरण आणि पंचशील तीच म्हणायची आणि बाकीचे तिच्या मागून म्हणायचे. तिला माइक लागत नसे. ती नागपूरची. स्टेनोची परीक्षा देऊन स्वतःच्या बळावर दिल्लीत एका मंत्रालयात लागलेली. आम्ही राहत होतो ते क्वार्टर तिच्या नावावर होतं, बाबांच्या नाही. बाबा फरीदाबादला एका कारखान्यात सुपरवायझर होते, सकाळी अंधारात निघायचे आणि संध्याकाळी ग्रीसचा वास घेऊन परतायचे.

देशाचा बाजार परदेशी कंपन्यांना नव्याने उघडत होता तेव्हाचे दिवस. बाबांच्या कारखान्यात परदेशी मशिनं येणार, अर्धी माणसं कमी होणार, अशा बातम्या ते जेवताना सांगत. ओळखीचे लोक यमुनेपलीकडे, फरीदाबादच्या नव्या सेक्टरांत, कुठे कुठे घरं घेत होते. ज्याच्या त्याच्या तोंडी प्लॉट, सोसायटी, मार्बल. मी तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होते. घरात जेवायला ज्वारीची भाकरी असायची, कारण आईला पोळीने जेवल्यासारखं वाटत नसे. नागपूरहून कुणी येणार असलं की त्याच्या सामानात आमच्यासाठी पीठ यायचं. भाकरी, पाटोडीची रस्साभाजी, कच्चा कांदा आणि आईची बडबड. ऑफिसात कोण काय म्हणालं, बसमध्ये कोणाशी भांडण झालं, ते सगळं ती आवाज काढून, नकला करून सांगायची. मला वाटतं आमच्या घरात जेवणापेक्षा ती बडबडच जास्त खाल्ली जायची.

सुरुवात डाव्या पापणीने झाली. संध्याकाळी आई परतायची तेव्हा ती पापणी अर्धी खाली उतरलेली असायची, बाजारातल्या दुकानदाराने दुपारी शटर अर्धं ओढून ठेवावं तशी. सकाळी पाहावं तर दोन्ही डोळे टक्क उघडे. मग जेवणाची पाळी आली. पहिले चार घास नीट जायचे, त्यानंतर जबडा चालेनासा व्हायचा. ती हनुवटीखाली डावा हात लावायची, हाताने जबडा वर उचलून घास चावायची, आणि आम्ही पाहतोय असं वाटलं की हात काढून घ्यायची. हळूहळू भाकरी वरणात कुस्करली जाऊ लागली, मग भाकरीच्या जागी नुसती खिचडी आली. रस्त्यावर तिला एकाच्या दोन बस दिसायच्या, त्यातली खरी कुठली हे कळावं म्हणून ती एक डोळा मिटून उभी राहायची. मे महिन्यात तर फारच वाईट. फ्रीजमधलं गार पाणी रुमालावर घेऊन तिने डोळ्यांवर धरलं की पापणी थोडी वर चढायची. ह्याचाही लोकांनी आपल्या सोयीचा अर्थ लावला. ऊन लागलंय, दुसरं काही नाही.

डिस्पेन्सरीतल्या डॉक्टरांनी तिच्याकडे मान वर करून पाहिलंही नाही. आम्ही सकाळच्या वेळेला गेलो होतो, डिस्पेन्सरी तेव्हाच उघडी असते, आणि सकाळी आई ठणठणीत. "टेन्शन है," ते म्हणाले, "औरतों को इस उम्र में हो जाता है. नींद की गोली देता हूँ." ती गोळी घेतल्यावर आईला कंगवा डोक्यापर्यंत नेता येईना. आठवडाभराने तिने त्या गोळ्या स्वतःच बंद केल्या, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे. अशा गोळ्या ह्या दुखण्यात फार जपून द्यायच्या असतात, हे आम्हाला पुढे कळलं. आम्ही पुन्हा गेलो, पुन्हा सकाळीच, आणि डॉक्टर म्हणाले, "अच्छी-भली तो हैं!" मला आजही त्या वाक्याचा संताप येतो. दुखणं संध्याकाळी येतं असं रोगी सांगतोय, तर संध्याकाळी बोलवावं, एवढंही त्या माणसाला सुचू नये?

फरीदाबादला बाबांच्या चुलतभावाने, दिलीपकाकांनी, घर बांधलं. नवा सेक्टर, रस्ते अजून कच्चे, मागे मोहरीची शेतं, पाणी टँकरचं, पण आत लखलखीत मार्बल. संध्याकाळी बुद्धवंदना ठेवली होती आणि ती आईनेच म्हणायची असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. दुसऱ्या शीलापर्यंत आली आणि तिचा आवाज नाकात शिरला. तिसऱ्याला शब्दच कळेनात. ती थांबली, घोट गिळला, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. शेवटी मागून कुणीतरी पुढचं म्हणायला घेतलं आणि आई मान खाली घालून बसून राहिली. नंतर फोटो काढले. फोटोग्राफर म्हणाला, हसा, म्हणून आई हसली. ते फोटो धुऊन आले तेव्हा काकू मुद्दाम आमच्याकडे घेऊन आल्या. आईच्या ओठांचे कोपरे वर गेलेच नव्हते. वरचा ओठ तेवढा उचलला गेला होता आणि दात दिसत होते. कुणावर तरी गुरगुरल्यासारखा तो चेहरा होता. काकू म्हणाल्या, "जाऊबाई, आमच्या घराने तुमच्या पोटात दुखलं ते फोटोत आलं की हो!"

म्हणायला त्या हसत म्हणाल्या. पण नातेवाइकांत ते पसरलं. सुमनला दिराचं घर बघवलं नाही, वंदनासुद्धा धड म्हटली नाही, तोंड वाकडं करून बसली. आईने त्यानंतर हसणं बंद केलं. मी हे अलंकारिक बोलत नाही. हसू आलं की ती पदर किंवा हात तोंडापुढे धरायची, आणि पुढे पुढे हसू येईल अशा ठिकाणी जायचीच नाही. ज्या बाईच्या नकलांवर आमचं अख्खं घर जेवायचं, ती बाई घरात मुकाट बसू लागली.

बाबा वाईट नव्हते. ते घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याचं मन दुबळं आहे असं म्हणणं सोपं जातं. एका संध्याकाळी आई ताटापुढे जबडा धरून बसलेली पाहून ते म्हणाले, "सुमन, थोडं मन खंबीर कर."

आईने घास गिळला. त्याला बराच वेळ लागला. मग नाकातल्या आवाजात म्हणाली, "मन खंबीरच आहे हो. जबडा खंबीर नाही."

बाबा ताटावरून उठून गेले. मी मात्र कधीच शंका घेतली नाही. त्यात माझा काही मोठेपणा नाही, मी रोज तिच्यासमोर जेवायला बसत होते, एवढंच. जबडा हाताने उचलून चावणारी बाई नाटक करतेय असं ज्याला वाटतं, त्याने तिच्याकडे नीट पाहिलेलंच नसतं.

आता ऑफिसचं सांगते. तिथल्या सेक्शन ऑफिसरांचं नाव मी चोप्रा असं लिहिते. ते नाव खरं नाही. आईच्या दुखण्याच्या थोडंच आधी आरक्षणाच्या विरोधात दिल्ली पेटून उठली होती. बसच्या काचा फुटल्या, आमच्या कॉलेजातही वर्ग बंद पडले. ते आंदोलन शमलं तरी लोकांच्या जिभेवर जे चढलं ते उतरलं नाही. आई नागपूरची, आडनाव मेश्राम, एवढ्यावरून सगळ्यांना सगळं माहीत असायचं. ती परीक्षेत सगळ्यांच्या वर आली होती हे मात्र कुणाला माहीत करून घ्यायचं नव्हतं. चोप्रासाहेब दुपारी डिक्टेशन द्यायचे आणि ते वाचून दाखवायला सांगायचे. आईचा आवाज तेव्हा संपलेला असायचा. ती म्हणायची, सर, टाइप करून देते. तिने तसं दिलंही. दुपारी काही जमणार नाही हे कळल्यापासून ती सकाळी सगळ्यांच्या आधी जायची, झाडूवाल्याबरोबर आत शिरायची, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत दिवसभराचा ढीग उपसून ठेवायची. दुपारी एका डोळ्यावर रुमाल बांधून उरलेलं टाइप करायची. झोपेच्या गोळ्यांचा तो आठवडा सोडला तर हातांनी तिला त्या काळात दगा दिला नव्हता. पण काम झालंय का हे कुणी पाहिलंच नाही. तिची उतरलेली पापणी तेवढी पाहिली. "सुबह ठीक, दोपहर को नाटक," चोप्रासाहेब सगळ्यांदेखत म्हणाले. "कोटे से आए हैं, कोटे जितना ही करेंगे."

आईने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तिचा खालचा ओठ थरथरत होता, पण तो रडण्याने नव्हे, बोलायला जोर लावण्याने. ती म्हणाली, "विशू, दुसऱ्याला दुखणं झालं तर म्हणतात माणूस आजारी आहे. मला झालं तर म्हणतात हे लोक असेच."

मग तिला खुलासा देण्यासाठी बोलावण्यात आलं, तोंडी, तीन अधिकाऱ्यांसमोर, कामात टाळाटाळ केल्याबद्दल. वेळ दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतरची. आईने विनंती केली की सकाळी ठेवा. त्यावर चोप्रासाहेब म्हणाले, "सुबह तो आप ठीक ही रहती हैं. हमें तो दोपहर वाली बीमारी देखनी है." ऐकणाऱ्यांना तो मोठा विनोद वाटला असावा.

मी बरोबर गेले, कारण दुपारी आईला एकटीने रस्ता ओलांडता येत नसे. मला बाहेर बाकावर बसवलं, पण कुलरची हवा खेळावी म्हणून दार उघडं होतं आणि मला सगळं दिसत होतं. आई उभी राहिली. तिने आदल्या दिवसापासून तयारी केली होती, काय बोलायचं ते मनात लावून ठेवलं होतं. सुरुवात तिने छान केली. मी कुठून आले, कशी लागले, माझ्या टेबलावर आजही एक कागद शिल्लक नाही, असं ती सांगत होती. सांगता सांगता आवाज पातळ झाला, मग नाकात गेला. दोन्ही पापण्या उतरू लागल्या तशी ती मान मागे टाकून पापण्यांच्या फटीतून त्यांच्याकडे पाहू लागली, आणि ते त्यांना मग्रुरीसारखं दिसलं. मग जबडा लोंबला. तिने हनुवटीखाली हात लावला.

"हाथ नीचे कीजिए, मॅडम," चोप्रासाहेब म्हणाले. "यह चाय की दुकान नहीं है."

तिने हात काढला. तोंड उघडं राहिलं. दुसरा अधिकारी म्हणाला, "बोलिए न. अब तक तो खूब बोल रही थीं." आणि तिने प्रयत्न केला, हे मी कधीच विसरणार नाही, तिने खरंच पुन्हा बोलायचा प्रयत्न केला. त्या अख्ख्या खोलीत एकाही माणसाला दिसू नये की ही बाई जितकं जास्त बोलतेय तितकी बुडत चाललीय? तिसरा जरा वयस्क होता. तो म्हणाला, "अरे, बैठाइए इनको, चाय मँगाइए." त्याच्या मनात चांगलंच असणार. चहा आला, आईने घोट घेतला, आणि तो चहा तिच्या नाकातून बाहेर आला. ठसका लागला, पण खोकायलाही स्नायू लागतात. तो ठसका आतच अडकला. तिचे ओठ निळसर दिसायला लागले. मी आत धावले. "अब देखिए, पूरा सीन," असं चोप्रासाहेब म्हणाल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलं. त्या वयस्क अधिकाऱ्याने मात्र स्वतःच्या गाडीची किल्ली दाराशी उभ्या ड्रायव्हरकडे फेकली आणि म्हणाला, "अस्पताल. भागो."

इमर्जन्सीमध्ये त्यांनी तिच्या घशातलं ओढून काढलं, ऑक्सिजन लावला. ती थोडी सावरली. मग तिथल्या डॉक्टरने मला विचारलं, "घर में झगड़ा हुआ था? हिस्टीरिया लगता है." मी तोपर्यंत फार शहाणी, गुणी मुलगी होते. त्या वाक्यावर माझं काहीतरी तुटलं. मी त्या भरलेल्या वॉर्डात किंचाळले, "झगड़ा नहीं हुआ! रोज़ होता है! सुबह ठीक रहती है, दोपहर को ऐसा होता है, रोज़ होता है, और सब बोलते हैं नाटक है!"

शेजारच्या पडद्यामागून एक डोकं बाहेर आलं. ठेंगणी, चष्मेवाली, माझ्याहून फार तर सहा-सात वर्षांनी मोठी असावी अशी डॉक्टर. केरळची होती, हे तिच्या हिंदीवरून लगेच कळलं. "क्या बोला?" तिने विचारलं. "सुबह ठीक? शाम में खराब? पक्का?"

आजवर हे वाक्य आम्ही कितीतरी तोंडांतून ऐकलं होतं, पण प्रश्न म्हणून विचारणारी ती पहिलीच. तिने हातातलं काम दुसऱ्याकडे दिलं आणि स्टूल ओढून आईसमोर बसली. खाण्याचं विचारलं, एकाच्या दोन वस्तू दिसतात का विचारलं, हसून दाखवायला सांगितलं. आईने तोंडावर हात नेला. डॉक्टरने तो हळूच खाली घेतला. "हँसो अम्मा, मेरे को देखना है." आई हसली, तो गुरगुरणारा चेहरा झाला, आणि ती डॉक्टर मान डोलावून म्हणाली, "अच्छा." मग तिने बोट वर धरलं आणि सांगितलं, इकडे बघत राहा. पापण्या आमच्या डोळ्यांदेखत खाली खाली आल्या आणि मिटल्या. तिने त्या पहिल्या डॉक्टरला हाक मारून हे दाखवलं, दोन शिकाऊ मुलांनाही बोलावलं. मला राग आला, आईचं काय प्रदर्शन मांडलंय म्हणून. पण आईचा चेहरा मी पाहिला. आपल्याला कुणीतरी पाहतंय ह्याचं तिला समाधान वाटत होतं.

मग एक इंजेक्शन दिलं. "रुको," डॉक्टर म्हणाली. आम्ही थांबलो. भिंतीवरचा पंखा फिरत होता. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा आपल्या मुलाला शिव्या देत होता. आणि आईची पापणी वर सरकली. डावी आधी, मग उजवी. बऱ्याच महिन्यांनी मी दुपारी आईचे पूर्ण डोळे पाहिले. ते रागाने लाल झालेले होते.

"विशू," ती म्हणाली, खणखणीत, "पाणी दे."

पाणी सरळ खाली गेलं. तिने अख्खा ग्लास संपवला आणि मग बोलायला सुरुवात केली. शिकाऊ मुलं दचकून मागे सरली. ती मराठीत बोलत होती, मध्येच हिंदीत, चोप्रांना उद्देशून, डिस्पेन्सरीच्या डॉक्टरला उद्देशून, त्या पहिल्या डॉक्टरकडे तर बोट दाखवून. "हिस्टीरिया बोले आप! मेरे मुँह पर बोले! मैं सुन सकती हूँ, कान का कुछ नहीं बिगड़ा है मेरा!" केरळची डॉक्टर म्हणाली, "अम्मा, आराम करो. इंजेक्शन का असर थोड़ी देर का है. ताकत बचा के रखो." आई म्हणाली, "डॉक्टरसाहब, इतने महीने बचा के ही तो रखी है."

कुणीतरी कारखान्यात फोन केला होता. बाबा पोहोचले ते कामाच्या कपड्यांतच. आईने त्यांना खाटेशी उभं केलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. काकूंनी फोटो दाखवला तेव्हा तुम्ही गप्प का बसलात? मला मन खंबीर कर म्हणालात, मी रोज सकाळी झाडूवाल्याबरोबर ऑफिसात जात होते ते काय दुबळ्या मनाने? तुमच्या समोर मी माझा जबडा हाताने उचलत होते आणि तुम्ही ताटावरून उठून गेलात. असर उतरायला लागला, तिचा आवाज पुन्हा पातळ होऊ लागला, पण ती थांबेना. आवाज जसा खाली जाई तसे बाबा आणखी वाकत. शेवटी त्यांचा कान तिच्या ओठांशी होता. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं, पण ती अजून बोलत होती आणि बाबा मान हलवत होते. त्यांनी एकदाही 'पुरे' म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरने आम्हाला समजावून सांगितलं. मी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि दर वर्षी हे शिकवताना माझा हात फळ्यावर जरा जास्त जोरात चालायचा, मुलं हसायची. मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून विजेसारखा येतो. पण मज्जातंतू स्नायूला चिकटलेला नसतो. दोघांच्या मध्ये केसाहून कितीतरी बारीक अशी फट असते, आणि ती वीज ही फट ओलांडत नाही. तंतूच्या टोकाशी इवल्याइवल्या पिशव्या असतात. त्या ऍसिटिलकोलीन नावाचं रसायन फटीत सोडतात. ते पलीकडे स्नायूवरच्या ठरलेल्या जागांवर जाऊन बसतं, तेव्हा कुठे स्नायू आकसतो. पाठोपाठ एक विकर, म्हणजे एन्झाइम, येऊन ते रसायन मोडून टाकतं, म्हणजे पुढच्या हुकमाला जागा मोकळी. डोळ्याची एक उघडझाप व्हायची तरी हे सगळं व्हावं लागतं. आईच्या रक्तातली प्रतिद्रव्यं, जी बाहेरच्या रोगजंतूंवर तुटून पडायची, ती तिच्याच स्नायूंवरच्या त्या जागांवर तुटून पडली होती. पुष्कळ जागा निकामी झाल्या होत्या. विश्रांतीनंतर पिशव्या भरपूर रसायन सोडतात, त्यामुळे उरलेल्या थोड्या जागांवरही काम निभतं. हुकूम पुन्हा पुन्हा येऊ लागले की दर वेळी रसायन जरा कमी सुटतं. तुम्हाआम्हाला ते जाणवत नाही, आपल्याकडे जागा उदंड. आईला ते पुरत नव्हतं. इंजेक्शनने एवढंच केलं की मोडून टाकणाऱ्या विकराला थोपवलं आणि होतं तेवढं रसायन फटीत जास्त वेळ टिकवलं.

ऐकता ऐकता मला आमची कॉलेजची प्रयोगशाळा आठवली. बेडकाच्या पायाचा स्नायू त्याच्या मज्जातंतूसकट काढून आम्ही त्या तंतूला पुन्हा पुन्हा विजेचा झटका द्यायचो. स्नायू आखडायचा, आणि धुराने काळ्या केलेल्या कागदाच्या ड्रमवर सुई त्याची रेघ ओढायची. उंच, उंच, मग बुटकी, मग सपाट. तेव्हा आमच्या बाई झटका थेट स्नायूला द्यायला लावायच्या, आणि थकलेला म्हणून सोडलेला तो स्नायू पुन्हा टणकन उडायचा. तंतू थकलेला नाही, स्नायूही फारसा थकलेला नाही, थकली ती मधली जागा, असं बाई सांगायच्या आणि आम्ही वहीत लिहून घ्यायचो. बेडकाच्या पायाला त्या प्रयोगशाळेत कधी कुणी कामचोर म्हटलं नाही. त्याची जात कुणी विचारली नाही. रेघ सपाट झाली की सगळे म्हणायचे, थकला, थांबा जरा, विश्रांती द्या. माझ्या आईला एवढीही किंमत कुणी दिली नव्हती.

पुढे दिवसातून अनेकदा घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्या. काही महिन्यांनी छातीतली एक ग्रंथी काढून टाकायचं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर ती हळूहळू, वर्ष-दोन वर्षांत, बरीच सुधारली. पूर्ण नाही. उन्हाळ्यात जपावं लागायचं, आणि जास्त बोलायचं असेल त्या दिवशी ती आधी पडून राहायची. काकू फळं घेऊन भेटायला आल्या आणि "आम्हाला काय माहीत" असं तीनदा म्हणाल्या. आईने त्यांना चहा दिला. माफ केलं की नाही ते तिने मला कधी सांगितलं नाही, आणि मी काकूंना आजतागायत केलेलं नाही.

ऑफिसात तिच्यावरचा टाळाटाळीचा ठपका काढण्यात आला. 'सहानुभूतिपूर्वक विचार करून' काढण्यात आला. तो शब्द घरी सांगताना आईच्या हाताच्या मुठी वळल्या होत्या. कामात कसूर नव्हतीच, मग सहानुभूती कसली? चूक झाली, असं कुणीच म्हणालं नाही. चोप्रासाहेब तिला म्हणाले, "मॅडम, आपने पहले बताया होता." ती किती वेळा सांगत होती ते मी वर लिहिलंच आहे. बाबा म्हणाले, बदली मागून घे. आई म्हणाली, "मी का जाऊ? त्यांनी जावं." आणि ती त्याच सेक्शनमध्ये, त्याच टेबलावर बसत राहिली.

गेले शेवटी तेच, वयाने निवृत्त होऊन. निरोपाचा कार्यक्रम दुपारी होता. मी तेव्हा नोकरीला लागले होते आणि त्या दिवशी आईबरोबर बाजारात जायचं म्हणून तिला घ्यायला गेले होते. मलाही आत बोलावून खुर्ची दिली. समोसे, बर्फी, गुलाबाचा हार. एकामागून एक लोक उठून साहेबांचे गुण सांगत होते, किती शिस्तीचे, किती मनमिळाऊ. मग सूत्रसंचालन करणारा उत्साहात म्हणाला, "और अब हमारी मेश्राम मॅडम, साहब के साथ इतने साल काम किया है, दो शब्द कहेंगी."

आई उठली. पापण्या जागेवर होत्या, हनुवटी वर होती. तिने सगळ्यांकडे पाहिलं, मग चोप्रासाहेबांकडे. ते हार घालून, जरा पुढे झुकून, ओठांवर हसू ठेवून वाट पाहत होते.

"बोल सकती हूँ, सर," ती म्हणाली. आवाज खोलीच्या शेवटच्या भिंतीपर्यंत गेला. "लेकिन बोलूँगी नहीं."

आणि ती खाली बसली. मागच्या रांगेतून कुणीतरी सवयीने टाळ्या वाजवल्या, आणि मग एकदम थांबवल्या.